नवीन हार्ड डिस्क लावली अन् कॉम्प्युटरला दिसूनच नाही राहिली? मग या क्रमानं पाहा

सेतू केंद्र असो, लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणाऱ्याचं मशीन असो का घरचा जुना डेस्कटॉप, जागा भरली की माणूस नागपूर नाहीतर अमरावतीवरून नवीन हार्ड डिस्क आणते, नाहीतर ऑनलाईन मागवते, घरच्या घरी चार स्क्रू खोलून बसवते, मशीन चालू करते आणि 'धिस पीसी' मध्ये पाहते तर तेच जुने सी अन् डी. नवीन डिस्कचा पत्ताच नाही. मग दोन गोष्टी होतात, एकतर "डिस्कच खराब दिली बावा" म्हणून दुकानदाराला फोन, नाहीतर सगळं मशीन उचलून तालुक्याला. दोन्हीची घाई करू नका. यातल्या बऱ्याच डिस्क चांगल्या राहतात, कुठं वायर ढिली राहते नाहीतर विंडोजमध्ये दोन क्लिक करायचे बाकी राहतात.

सगळ्यात आधी एक ठरवा, डिस्क दिसत नाही म्हणजे नेमकी कुठं दिसत नाही. पाहायच्या जागा तीन आहेत. एक धिस पीसी, जिथं सगळेच पाहतात. दुसरी डिस्क मॅनेजमेंट, जी विंडोजच्या आत आहे. तिसरी बायोस, म्हणजे विंडोज चालू व्हायच्या आधी मदरबोर्डचा स्वतःचा जो स्क्रीन येतो तो. बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसलं तर समजा वायर, करंट आणि डिस्क बहुतेक ठीक आहेत, प्रॉब्लेम विंडोजमध्ये आहे, पेचकस बाजूला ठेवा. बायोसमध्येच नसन तर विंडोजमध्ये कितीही ड्रायव्हर टाका, फॉर्मॅट मारा, काही होत नाही, कारण खालीच गाडी अडली आहे. आमच्याकडं नवीन पोट्टे इथंच चुकतात, बायोस पाहतच नाहीत आणि सरळ नवीन विंडोज टाकायला बसतात.

आणि कामाला हात लावायच्या आधी अजून एक विचारतो. डिस्क खरंच कोरी आहे का? का जुन्या मशीनमधली काढून याच्यात लावली आणि तिच्यात फोटो, हिशोब, काही आहे? जुना डाटा असन तर पुढं जिथं जिथं 'इनिशियलाईज', 'फॉर्मॅट', 'क्लीन' हे शब्द येतील तिथं हात आवरायचा. विंडोज लय सहज विचारते, फॉर्मॅट करू का म्हणून, आणि आपण तेवढ्याच सहज ओके दाबतो.

बायोसमध्ये जायचं कसं? मशीन चालू करताच लगेच बटन टकटक दाबत राहायचं. असेंबल डेस्कटॉपमध्ये बहुतेक डिलीट, डेल आणि एसरमध्ये एफ २, एचपीमध्ये एफ १० नाहीतर एस्केप दाबून मेनू, लेनोवोमध्ये एफ १ किंवा एफ २. एसएसडीवाल्या (म्हणजे आत फिरती प्लेट नसलेल्या, वेगवान डिस्कच्या) मशीनमध्ये विंडोज इतकं भरकन चालू होते की बटन दाबायला वेळच भेटत नाही, तर मग विंडोजमधूनच शिफ्ट दाबून धरा आणि रिस्टार्ट करा, निळा स्क्रीन येईल, त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. आत गेल्यावर काही बदलायचं नाही, नुसतं पाहायचं. स्टोरेज, साटा कॉन्फिगरेशन (साटा म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडायची पद्धत), नाहीतर पहिल्याच मेन पानावर डिस्कची नावं लिहिलेली राहतात, कंपनी आणि मॉडेल नंबरसकट. मोबाईलनं त्या पानाचा फोटो काढून ठेवा, पुढं कोणाला विचारायचं झालं तर कामी येते.

बायोसमध्ये नाव नाही, मग खोला

मशीन बंद करा, मागची पॉवर केबल काढा, आणि केबल काढल्यावर पॉवरचं बटन पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जाते. लॅपटॉप असन तर बॅटरी निघत असल्यास काढा. आतल्या वायरीला हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या बिनरंगाच्या लोखंडाला हात लावा, उन्हाळ्यात आपल्याकडं हवा इतकी कोरडी राहते की नायलॉनच्या चादरीवरून उठलं तरी चटका बसते, तोच चटका डिस्कच्या सर्किटला बसला तर ती जाऊ शकते. आणि कूलरसमोर मशीन खोलून बसू नका, ओली हवा सरळ बोर्डवर येते. कापसाच्या दिवसात रुईची बारीक कुसं कॅबिनेटमध्ये जाळ्यासारखी बसतात, ती आधी ब्रशनं झाडा, साटाच्या पोर्टमध्ये पण पाहा.

आता वायरी. साटा डिस्कला दोन वायरी लागतात, एक बारीक ७ पिनची डाटाची, जी मदरबोर्डवर जाते, आणि एक रुंद १५ पिनची करंटची, जी एसएमपीएसवरून, म्हणजे मशीनला करंट देणाऱ्या डब्यातून येते. दोन्हीची तोंडं इंग्रजी एल अक्षरासारखी वाकडी राहतात म्हणून उलटी बसत नाहीत, पण जोर लावला तर डिस्कवरची ती प्लास्टिकची जीभ तुटते, आणि एकदा तुटली की वायर टिकत नाही. सरळ धरा, दोन्ही बाजूनं सारखं दाबा, चांगल्या वायरीला लोखंडी क्लिप राहते, ती 'टक' करते. क्लिप नसलेली स्वस्त लाल वायर कॅबिनेटचं झाकण लावताना दबली की हळूच अर्धा मिलीमीटर बाहेर येते, डोळ्याला बसलेलीच दिसते पण पिन टेकलेली नसते. म्हणून नुसतं पाहून समाधान मानू नका, दोन्ही टोकं पूर्ण काढून परत बसवा. मदरबोर्डकडचं टोक तर हमखास राहून जाते, सगळे डिस्ककडचंच पाहतात.

वायर खराब आहे का हे तपासायला नवीन वायर आणायची गरज नाही. जुन्या डेस्कटॉपमध्ये डीव्हीडी रायटर राहतेच, ते कोणी वापरत नाही, त्याच्या मागच्या दोन्ही वायरी काढा आणि नवीन डिस्कला लावा. डिस्क दिसली तर काम झालं, डीव्हीडी राहू द्या तशीच बंद. नाही दिसली तर मदरबोर्डवरचं पोर्ट बदलून पाहा, म्हणजे आधी जिथं लावली होती तिथून काढून जिथं जुनी चालू डिस्क आहे तिथं थोड्या वेळासाठी. जुनी डिस्क त्या पोर्टवर चालते आणि नवीन त्याच पोर्टवर, त्याच वायरीवर नाही चालत, तर मग संशय डिस्कवर जाते. एवढी अदलाबदल केल्याशिवाय डिस्कला दोष देऊ नये, दुकानदार हेच विचारेल आणि त्याचं बरोबरही आहे.

करंटचं थोडं सविस्तर सांगतो कारण आपल्या गावाकडं हा भाग महत्त्वाचा आहे. साडेतीन इंची मोठ्या हार्ड डिस्कला दोन प्रकारचा करंट लागते, १२ व्होल्ट मोटरला आणि ५ व्होल्ट सर्किटला. अडीच इंची लॅपटॉपवाली डिस्क आणि एसएसडी नुसत्या ५ व्होल्टवर चालतात. म्हणून कधी कधी असं होते की त्याच एसएमपीएसवर एसएसडी मस्त चालते आणि मोठी डिस्क उठतच नाही, कारण १२ व्होल्टची लाईन कमजोर झाली राहते. स्वस्त एसएमपीएसवर लेबल मोठं राहते आणि आत माल कमी, त्यात संध्याकाळी व्होल्टेज पडते, मोटरपंप चालू झाले की बल्ब पिवळा होते, अशा वेळी डिस्क फिरायचा प्रयत्न करते, पडते, परत प्रयत्न करते. तपासायचं असं की मशीन चालू करताना डिस्कच्या कडेला बोट हलकं ठेवा. पहिल्या काही सेकंदात बारीक थरथर जाणवली पाहिजे आणि मग एकसारखी घरघर. काहीच जाणवलं नाही तर करंट पोचून नाही राहिला किंवा मोटर गेली. थरथर येते, बंद होते, परत येते, तर आधी एसएमपीएसवर संशय घ्या, दुसरा लावून पाहा. आणि टक-टक-टक असा एका तालात आवाज असन तर हेड वाचूनच नाही राहिलं, तेव्हा मशीन बंद करा, वारंवार चालू करून पाहू नका, डाटा असन तर उरलेला पण जाईल. एसएसडीला आवाज नसते आणि थरथर पण नसते, तिथं ही परीक्षा लागू नाही.

एसएमपीएसच्या मागं कधी लाल रंगाचं छोटं बटन राहते, ११५ आणि २३० लिहिलेलं. त्याला हात लावू नका. आपल्याकडं २३० च पाहिजे, ११५ वर करून लाईनला लावलं की भडाका.

एसएमपीएसला साटाची वायर कमी पडते म्हणून जुन्या चार पिनच्या मोलेक्सवरून साटा करणारी वायर भेटते बाजारात. चालते, पण ज्याचं तोंड एकाच प्लास्टिकमध्ये ओतलेलं राहते ती घेऊ नका, त्यात आतल्या तारा एकमेकीला चिकटून जळायचे प्रकार होतात. काही मोठ्या क्षमतेच्या डिस्कमध्ये उलटी भानगड राहते. करंटच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की ती डिस्क स्वतःला बंद ठेवते, ही सोय सर्व्हरसाठी केलेली आहे, आणि आपल्या साध्या एसएमपीएसवर तिला वाटते की बंदच राहायचं आहे. यूएसबीच्या एक्स्टर्नल डब्यातली डिस्क काढून आत लावली आणि ती अजिबात उठली नाही तर हे कारण डोक्यात ठेवा. तिथं मोलेक्सवाली वायर कामी येते, कारण मोलेक्समध्ये ३.३ व्होल्ट नसतेच.

एम डॉट टू वाली पट्टी

आता नवीन मशीनमध्ये च्युइंगगमच्या पाकिटाएवढी पट्टी लावायची पद्धत आली, तिचं नाव एम डॉट टू. इथं एक मोठी फसगत आहे. दिसायला पट्टी एकसारखी, पण आतून दोन जातीची, एक साटा आणि एक जास्त वेगाची एनव्हीएमई. मदरबोर्डचा स्लॉट एकाच जातीचा असू शकते, आणि दुसऱ्या जातीची पट्टी बसते व्यवस्थित, स्क्रू पण लागते, फक्त दिसत नाही. पट्टीच्या सोनेरी टोकाला खाचा पाहा, दोन खाचा असतील तर बहुतेक साटा, एक असन तर बहुतेक एनव्हीएमई, पण नक्की ते पाकिटावर आणि मॉडेल नंबरवरूनच कळते. घ्यायच्या आधी आपल्या बोर्डचं मॉडेल शोधून त्याचं मॅन्युअल वाचा. त्यातच हे पण लिहिलेलं राहते की एम डॉट टू लावल्यावर साटाचं अमुक पोर्ट बंद होईल. हो, होते तसं. लोक पट्टी लावतात आणि जुनी हार्ड डिस्क गायब होते, मग वाटते जुनीच मेली, तर तिला फक्त दुसऱ्या पोर्टवर लावायचं राहते.

लय जुन्या बोर्डवर कार्ड लावून एनव्हीएमई टाकली तर विंडोज १० मध्ये ती साठवणुकीसाठी दिसते पण बायोसला तिच्यावरून बूट करता येत नाही, म्हणजे विंडोज चालू करता येत नाही. मग तिच्यावर विंडोज टाकायचा हट्ट सोडा, साधी साटा एसएसडी घ्या, जुन्या मशीनला तेवढा फरक पण लय जाणवते.

लॅपटॉपमध्ये डीव्हीडी काढून तिथं डिस्क बसवायची चौकट, म्हणजे कॅडी लावत असाल तर कॅडी दोन जाडीची येते, ९.५ आणि १२.७ मिलीमीटर. आधी मोजा, मग घ्या. काही कॅडीच्या कडेला बारीक स्विच राहते, डिस्क दिसत नसन तर ते सुईच्या टोकानं दुसऱ्या बाजूला करून पाहा.

बायोसमध्ये आहे, विंडोजमध्ये नाही

ही सोपी बाजू. स्टार्ट बटनवर राईट क्लिक करा, डिस्क मॅनेजमेंट निवडा. नवीन कोरी डिस्क असन तर उघडताच एक खिडकी येते, डिस्क इनिशियलाईज करायची का म्हणून. कंपनीतून आलेली डिस्क म्हणजे मोजणी न झालेलं वावर, धुरे टाकल्याशिवाय विंडोज त्याला नाव देत नाही आणि धिस पीसीमध्ये दाखवत पण नाही. म्हणून कोरी डिस्क दिसली नाही हा बिघाड नाहीच.

त्या खिडकीत एमबीआर आणि जीपीटी असे दोन पर्याय येतात, डिस्कवरच्या धुऱ्यांची नोंद ठेवायच्या या दोन पद्धती. आजच्या मशीनला जीपीटी करा. एमबीआर २ टीबीच्या पुढची जागा वापरू देत नाही, ४ टीबीची डिस्क एमबीआर केली तर २०४८ जीबीनंतरचा सगळा भाग काळ्या पट्टीत तसाच पडून राहते. एमबीआर फक्त तेव्हा, जेव्हा मशीन जुनं आहे, बायोस लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीचा आहे आणि त्या डिस्कवरून विंडोज चालवायचं आहे. ओके केल्यावर खाली काळी पट्टी दिसन, अनॲलोकेटेड लिहिलेली. तिच्यावर राईट क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम, नेक्स्ट नेक्स्ट, एनटीएफएस ठेवा, क्विक फॉर्मॅटची खूण राहू द्या, फिनिश. पट्टी निळी झाली की धिस पीसीमध्ये डिस्क हजर.

१ टीबीची घेतली आणि ९३१ जीबीच दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नका, ५०० ची पण ४६५ च दिसते. कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

पट्टी आधीपासून निळी आहे पण धिस पीसीमध्ये नाही, तर तिला ड्राईव्हचं अक्षर भेटलं नाही. राईट क्लिक, चेंज ड्राईव्ह लेटर अँड पाथ्स, ॲड, एखादं मोकळं अक्षर द्या. यानं डाटाला काही होत नाही, बिनधास्त करा. पण ईएफआय सिस्टम किंवा रिकव्हरी लिहिलेल्या छोट्या पट्ट्यांना अक्षर देत बसू नका, त्या लपूनच राहायला पाहिजे.

डाव्या बाजूच्या चौकोनात 'ऑफलाईन' लिहिलं असन तर त्याच चौकोनावर राईट क्लिक करून ऑनलाईन करा. हे जुन्या डिस्कवरून नवीनवर क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल केल्यावर होते, दोघींची सही (विंडोज डिस्क ओळखते तो नंबर) एकच होते म्हणून विंडोज एकीला बंद ठेवते. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा जुनी काढून नुसत्या नवीनवर मशीन चालवून पाहिलेलं बरं. 'फॉरेन' लिहून आलं तर इम्पोर्ट फॉरेन डिस्क. काहीच नाही तर वरच्या ॲक्शन मेनूमधून रिस्कॅन डिस्क, किंवा डिव्हाईस मॅनेजरमध्ये डिस्क ड्राईव्हजखाली जाऊन पिवळी खूण असलेली डिस्क अनइन्स्टॉल करून रिस्टार्ट, विंडोज ती परत शोधते.

'रॉ' लिहिलं असन तर थांबा. रॉ म्हणजे विंडोजला आतली मांडणी समजली नाही, रिकामी आहे असं नव्हे. शाळेतून निघालेल्या, विंडोजऐवजी उबुंटूवर चालणाऱ्या मशीनची डिस्क पण विंडोजला अशीच परकी दिसते. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेली सेकंडहँड डिस्क तर हमखास, डीव्हीआर स्वतःच्या पद्धतीनं लिहिते. आतलं काही नको असन तर तिथं फॉर्मॅट मारा खुशाल, पण सेकंडहँड घेतली असन तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून पाहा. रीॲलोकेटेड आणि करंट पेंडिंग सेक्टर (म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि संशयित जागा) या दोन ओळींत आकडे वाढत असतील तर ती डिस्क हिशोबाच्या कामाची नाही. डीव्हीआरमधली डिस्क वर्षानुवर्षं रात्रंदिवस फिरलेली राहते, स्वस्त का भेटली ते समजून घ्या. दुसऱ्या लॅपटॉपची डिस्क लावल्यावर कुलूपाचं चित्र आलं तर ते बिटलॉकर, म्हणजे विंडोजनं डाटाला लावलेलं कुलूप, ४८ आकड्यांची रिकव्हरी की ज्या मायक्रोसॉफ्ट अकाऊंटवर होती तिथं सापडते, की नसन तर डाटाची आशा सोडा.

विंडोज टाकायला बसले आणि इन्स्टॉलेशनच्या पानावर एकही डिस्क दिसत नाही, पण बायोसमध्ये दिसते, हा प्रकार इंटेलच्या ११व्या जनरेशनपासूनच्या लॅपटॉपमध्ये लय येते. तिथं व्हीएमडी नावाची, डिस्क सांभाळायची इंटेलची सेटिंग चालू राहते आणि विंडोजच्या पेनड्राईव्हमध्ये तिचा ड्रायव्हर नसते. एकतर लॅपटॉप कंपनीच्या साईटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर काढून पेनड्राईव्हवर टाका आणि लोड ड्रायव्हरमधून दाखवा, नाहीतर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा. एसरच्या काही लॅपटॉपमध्ये ही सेटिंग लपलेली राहते, मेन पानावर कंट्रोल आणि एस दाबल्यावर दिसते. पण आधीपासून चालू असलेल्या विंडोजच्या मशीनवर व्हीएमडी बंद केली तर ते विंडोज चालू व्हायचं नाही, नवीन टाकतानाच हे करा.

एवढं करूनही नाही तर

डिस्क दुसऱ्या मशीनवर लावून पाहा. यूएसबीवरून साटा लावायची वायर भेटते, पण साडेतीन इंचीसाठी वेगळा १२ व्होल्टचा ॲडाप्टर असलेलीच घ्या, नुसत्या यूएसबीवर मोठी डिस्क फिरत नाही आणि आपण म्हणतो डिस्क खराब. तिथंही नाही उठली तर मग ती खरंच खराब. खोलून पाहायचं नाही, हवेतली बारीक धूळ पण आतल्या प्लेटला पुरते, आणि वॉरंटी जाते ती वेगळीच. डिस्कवरचा सिरीयल नंबर कंपनीच्या साईटवर टाकला की वॉरंटी आहे का, कधीपर्यंत आहे ते दिसते. कधी तिथं लिहून येते की ही डिस्क दुसऱ्या देशात विकायची होती किंवा मशीनसोबतच विकायची होती, मग कंपनी हात वर करते आणि ज्यानं विकली त्याच्याकडंच जावं लागते. म्हणून पक्कं जीएसटीचं बिल घ्याच, थोडे पैसे जास्त गेले तरी.

कुरिअरनं परत पाठवायची असन तर ज्या चंदेरी पिशवीत आली त्यातच घाला, भोवती बबलच्या प्लास्टिकचे चार वेढे, आणि खोका असा की आत हलणार नाही, आपल्या रस्त्यांवर गाडी कशी येते-जाते ते सांगायला नको. ऑनलाईन घेतली असन तर पाकीट फोडतानाचा व्हिडिओ करून ठेवा, परत करायची मुदत पण आधीच पाहून ठेवा, पार्सल आपल्याकडं उशिरा पोचते पण मुदत तर चालूच राहते. आणि दुकानातलं ते छापील बिल थर्मल कागदाचं असन तर त्याच दिवशी फोटो काढा, एका उन्हाळ्यात त्याच्यावरची अक्षरं उडून जातात.